राजा सही करतो, सभागृह ठरवतं: हेगमध्ये राहून जवळून पाहिलेली संसद

वैदेही_हेग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते. आज लिहायला बसले ते बाबांमुळे.

2025 च्या सप्टेंबरात आई-बाबा मिरजेहून महिनाभर आले होते. इथे नेदरलंड्समध्ये सप्टेंबरचा तिसरा मंगळवार म्हणजे संसदेच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस, प्रिन्शेसदाख. राजा राजवाड्यातून बग्गीतून निघतो आणि दोन्ही सभागृहांच्या एकत्र बैठकीपुढे भाषण वाचतो. लांगे फोरहाउट या लिंडनच्या झाडांच्या रस्त्यावर आम्ही सकाळपासून जागा धरून उभे होतो. सैनिकांची रांग, वाद्यपथक, मग घोडे, आणि मग काचेची बग्गी. सोन्याची बग्गी आता वापरत नाहीत. तिच्या एका बाजूवर वसाहतींमधले लोक राजघराण्यापुढे नजराणे घेऊन वाकलेले दाखवले आहेत. त्यावर देशभर वाद झाला आणि 2022 साली राजानं ती सध्या बाहेर काढणार नाही असं जाहीर केलं.

घरी येऊन टीव्हीवर भाषण ऐकलं. राजा सिंहासनावर बसून वाचत होता. मी बाबांना जमेल तसं मराठीत सांगत होते. थोड्या वेळानं बाबांनी विचारलं, "हे लिहिलंय कुणी?" म्हटलं, मंत्रिमंडळानं. "म्हणजे आपल्या राष्ट्रपतींच्या अभिभाषणासारखं." हो, अगदी तसंच. मग म्हणाले, "पण तू तर म्हणालीस इथलं सरकार पडलंय. मग हा वाचतोय कुणाचं?"

मला नीट उत्तर देता येईना. खरोखरच सरकार पडलेलं होतं. जूनमध्ये एक पक्ष बाहेर पडला, ऑगस्टमध्ये दुसरा. उरलेले मंत्री काळजीवाहू, आणि 29 ऑक्टोबरला निवडणूक. तरी राजा "सरकार असं करील, सरकार तसं करील" वाचत होता. त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागले. वाचलं, ऑफिसातल्या लोकांना विचारलं, दोनदा संसदेच्या प्रेक्षक-सज्जात जाऊन बसले. जे कळलं ते इथे मांडते.

इथल्या घटनेच्या 42 व्या कलमात दोन वाक्यं आहेत. पहिलं: सरकार म्हणजे राजा आणि मंत्री. दुसरं: राजाला दोष लावता येत नाही, जबाबदार मंत्री. या दुसऱ्या वाक्यावर सगळा डोलारा उभा आहे. राजा जे बोलेल, ज्यावर सही करील, त्याचा जाब सभागृहात मंत्री देणार. आणि जाब जर मंत्र्यानं द्यायचा, तर ठरवणारही मंत्रीच. राजाच्या प्रत्येक सहीखाली मंत्र्याची सही लागते. ती नसेल तर राजाच्या सहीला काही किंमत नाही.

हे आलं 1848 मध्ये. युरोपभर उठाव चालू होते, पॅरिसचा राजा पळाला होता. इथला राजा दुसरा विलेम घाबरला आणि एका रात्रीत उदारमतवादी झाला, असं इथे शाळेत शिकवतात. टोरबेके नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकानं नवी घटना लिहिली. तोवर वरच्या सभागृहाचे सदस्य राजा स्वतः नेमायचा, तेही तहहयात, आणि खालचं सभागृह प्रांतांच्या सभा निवडायच्या. त्या वर्षापासून खालचं सभागृह, म्हणजे ट्वेडे कामर, लोक थेट निवडू लागले. अर्थात तेव्हाचे "लोक" म्हणजे ठरावीक कर भरणारे पुरुष. सगळ्या पुरुषांना मत 1917 साली मिळालं, बायकांना 1919 साली.

पण सगळ्यात महत्त्वाचा नियम घटनेत लिहिलेलाच नाही! सभागृहाचा विश्वास गेला की मंत्र्यानं जायचं, हे घटनेत कुठेही सापडत नाही. तो नियम भांडणातून तयार झाला. 1866 साली वसाहतींचा मंत्री मेयर काही महिन्यांतच खुर्ची सोडून डच ईस्ट इंडीजचा (आजचा इंडोनेशिया) गव्हर्नर जनरल होऊन निघाला. सभागृहानं नापसंतीचा ठराव केला. राजानं सभागृहच बरखास्त केलं. पुढे लक्झेंबर्गच्या प्रश्नावरून नव्या सभागृहानं परराष्ट्र खात्याचं अंदाजपत्रक फेटाळलं. पुन्हा बरखास्ती. पुन्हा निवडणूक. 1868 साली तिसऱ्या सभागृहानं तेच अंदाजपत्रक परत फेटाळलं, आणि मग मात्र मंत्रिमंडळाला जावं लागलं. त्यानंतर एकाच कारणासाठी दोनदा सभागृह मोडायची कुणाची छाती झाली नाही. पैसे अडवून धरले की राजाचंही चालत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

राजाकडे शेवटची खरी ताकद उरली होती ती सरकार जुळवण्याची. निवडणूक झाली की पक्षनेते एकेक करून राणीकडे (तेव्हा गादीवर राणी होती) जात, आणि बोलणी कुणी चालवायची ते राणी ठरवत असे. 2012 च्या मार्चमध्ये सभागृहानं स्वतःच्या कामकाजाच्या नियमात बदल केला: यापुढे ते नाव आम्ही ठरवणार. घटनादुरुस्ती नाही, कायदा नाही, फक्त आपल्या घरचा नियम बदलला. त्याच सप्टेंबरात निवडणूक झाली आणि बेआट्रिक्स राणीला वगळून सरकार बनलं. 54 दिवसांत.

मला या सगळ्यात हेच फार मोलाचं वाटतं. राजाकडून सत्ता एका झटक्यात कुणी घेतलेली नाही. सभागृहानं दर वेळी थोडी थोडी मागितली, घेतली आणि मग सोडली नाही.

आता सज्जातली गोष्ट. संसदेची जुनी जागा, बिनेनहोफ, 2021 पासून दुरुस्तीसाठी बंद आहे. संसद सध्या मध्यवर्ती स्टेशनाजवळच्या एका जुन्या सरकारी इमारतीत भरते. मंगळवारी दोन वाजता प्रश्नोत्तराचा तास असतो, म्हणून तो दिवस निवडला. ओळखपत्र दाखवून, तपासणी होऊन वर गेले. खाली दीडशे निळ्या खुर्च्या. बोलणाऱ्याच्या समोर काही माइक उभे केलेले असतात. कुणालाही अडवून प्रश्न विचारायचा तर उठून त्या माइकपाशी जाऊन उभं राहायचं. त्या दिवशी एका मंत्र्यापुढे चार जण ओळीनं उभे होते, रेशनच्या रांगेत असावेत तसे शांत. बोलणारा प्रत्येक जण सभापतींना उद्देशून बोलतो, थेट समोरच्याला नाही. मंत्री उत्तर देताना कागद चाळत होता. एका बाईंनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, आवाज अजिबात न चढवता. तिसऱ्या वेळी मंत्र्यानं कागद खाली ठेवला आणि म्हणाला की ही माहिती आत्ता माझ्यापाशी नाही, लेखी देतो. कामकाज लिहून घेणारे ते टिपत होते. आता ती माहिती त्याला द्यावीच लागणार. घटनेचं 68 वं कलम तसं सांगतं.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगेन.

मिहिर_पुणे

सुंदर धागा. 1868 चा किस्सा पहिल्यांदाच वाचला.

एक प्रश्न. राजानं एखाद्या कायद्यावर सही करायला नकारच दिला तर? म्हणजे मनापासून पटत नाही म्हणून.

वैदेही_हेग

मिहिर, कायद्याचा प्रवास असा: मंत्रिमंडळ किंवा सदस्य विधेयक आणतात, राज्य परिषद त्यावर सल्ला देते (कागदोपत्री तिचा अध्यक्षही राजाच, काम उपाध्यक्ष बघतो), मग ट्वेडे कामर दुरुस्त्या करून मतदान घेतं, मग वरचं सभागृह, मग राजाची आणि मंत्र्याची सही, मग राजपत्र. आजही प्रत्येक कायद्याची सुरुवात "आम्ही विलेम-अलेक्झांडर, देवाच्या कृपेनं नेदरलंड्सचे राजे..." अशी होते.

संसदेनं मंजूर केलेला कायदा राजानं मनाला पटत नाही म्हणून अडवला, असं आता इथे होत नाही. पण कायदा नसलेल्या एका गोष्टीत झालं होतं. महायुद्धानंतर विली लागेस या जर्मन युद्धगुन्हेगाराला मृत्युदंडाची शिक्षा सुनावली होती. त्या शिक्षेवर युलियाना राणीला सही करवेना. 1952 साली सरकारनंच माघार घेतली आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. त्यावर इथे अजून दोन मतं आहेत.

ब्रसेल्सवासी

मिहिर यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर आमच्याकडे बेल्जियममध्ये आहे. 1990 साली गर्भपाताचा कायदा दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. राजा बोदवाँ कट्टर कॅथलिक. त्याला आणि राणीला मूल नव्हतं, ते दुःख साऱ्या देशाला माहीत होतं. त्यानं पंतप्रधानांना पत्र लिहिलं की माझी सदसद्विवेकबुद्धी मला सही करू देत नाही, तुम्ही काहीतरी मार्ग काढा, कारण संसदेचं काम मला अडवायचंही नाही.

मार्ग काय काढला? राजा राज्य करायला असमर्थ असेल तर त्याचे अधिकार मंत्रिमंडळाकडे जातात, असं घटनेतलं एक कलम होतं. ते खरं म्हणजे आजारपण, युद्धातली कैद अशा गोष्टींसाठी. 4 एप्रिलला मंत्रिमंडळानं राजाला असमर्थ जाहीर केलं आणि सगळ्या मंत्र्यांनी मिळून कायद्यावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी संसदेनं त्याला पुन्हा गादीवर बसवलं. दीड दिवस बेल्जियमला राजा नव्हता. ऑफिसात जुनी माणसं ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात राजाबद्दल आदर असतो आणि संसदेबद्दलही.

आमच्या शेजारी लक्झेंबर्गनं याहून सरळ केलं. 2008 साली तिथल्या ग्रँड ड्यूकनं इच्छामरणाच्या कायद्याला संमती देणार नाही म्हटल्यावर संसदेनं घटनाच बदलली. आता ग्रँड ड्यूकच्या संमतीची गरज नाही, तो कायदा फक्त जाहीर करतो.

स्टॉकहोमकर

आणि स्वीडनमध्ये राजा कायद्यावर सही करतच नाही! 1975 पासून अमलात आलेल्या घटनेनं त्याचे सगळे अधिकार काढून घेतले. पंतप्रधानाचं नाव संसदेचे सभापती सुचवतात, आणि निम्म्याहून जास्त सदस्य त्याच्या विरुद्ध मतं देत नाहीत तोवर तो पंतप्रधान होतो. बहुमत बाजूनं असायची गरज नाही, विरुद्ध नसलं म्हणजे झालं. त्यामुळे अल्पमतातली सरकारं इथे नेहमीचीच.

चिंगी_एमपीएससी

ताई, खूप छान लिहिलंय. नोट्स काढल्या. दोन शंका आहेत.

1) मंत्री सभागृहाचे सदस्य असतात का? तुमच्या लिखाणात मंत्री वेगळे आणि सदस्य वेगळे असं वाटलं.

2) तिथे व्हिप आणि पक्षांतरबंदी आहे का? आपल्याकडे दहावं परिशिष्ट आहे तसं.

वैदेही_हेग

चिंगी, तुझं निरीक्षण बरोबर आहे. इथे एकच माणूस मंत्री आणि सदस्य दोन्ही राहू शकत नाही. मंत्री झालास की जागा सोडायची, ती यादीतल्या पुढच्या माणसाला मिळते. (सरकार पडल्यावर, नवं येईपर्यंतच्या काळात तेवढी सूट आहे.) आपल्याकडे आणि लंडनमध्ये उलट. आपल्याकडे मंत्री झालेल्याला सहा महिन्यांत सदस्य व्हावंच लागतं. इथले मंत्री सभागृहात वेगळ्या बाकांवर बसतात, पाहुण्यांसारखे. सभागृह त्यांना बोलावतं आणि ते येतात. सज्जात बसून पाहताना हा फरक फार जाणवतो. सत्ताधारी पक्षाचा सदस्यही आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला उभा करून विचारतो, आणि तिथे कुणी त्याला गद्दार म्हणत नाही.

दुसरं. पक्षांतरबंदी अजिबात नाही. घटनेच्या 67 व्या कलमाप्रमाणे सदस्य कुणाच्याही आदेशाविना मत देतो. पक्ष सोडला तरी जागा त्याचीच. पक्षशिस्त असते, ती जोरदारही असते, पण पक्ष कुणाची जागा काढून घेऊ शकत नाही.

याचं एक उदाहरण लिहिल्यावाचून राहवत नाही. पीटर ओम्टसिख्ट नावाचे खासदार ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे, म्हणजे सत्तेतल्या आघाडीतले. इथे नोकरी करणाऱ्या आई-बापांना पाळणाघरासाठी सरकारकडून भत्ता मिळतो. करखात्यानं हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा ठपका ठेवला आणि वर्षानुवर्षं दिलेले पैसे परत मागितले. कुठे एक सही राहिली, कुठे एक रक्कम भरायची राहिली, एवढ्यावरून. घरं गेली, संसार मोडले. यातली पुष्कळ कुटुंबं परदेशी मुळाची होती. ओम्टसिख्ट आणि समाजवादी पक्षाच्या रेन्स्के लेइटन, एक सत्तेतले, एक विरोधातल्या, दोघांनी वर्षानुवर्षं तेच तेच प्रश्न विचारले. उत्तरं अर्धवट यायची, कागद काळे करून यायचे. यांनी परत विचारायचे. शेवटी संसदीय समिती बसली, मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या शपथेवर जबान्या झाल्या, डिसेंबर 2020 मध्ये अहवाल आला आणि 15 जानेवारी 2021 ला अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला.

माझीही मुलगी तेव्हा पाळणाघरात जायची. आम्हीही तोच भत्ता घेत होतो. आमच्या वाट्याला हे आलं नाही, पण दर वर्षी ते पत्र पोस्टाच्या पेटीत पडलं की मी दोनदा वाचते.

पुढचं ऐक. मार्च 2021 मध्ये निवडणूक झाली. सरकार जुळवायची चाचपणी करणाऱ्या बाई, काइसा ओलोंग्रेन, कोरोनाची चाचणी सकारात्मक आल्याचं कळल्यावर घाईनं संसदेतून बाहेर पडल्या. काखेत कागद. छायाचित्रकारानं फोटो काढला, मोठा करून पाहिला, तर त्यात लिहिलं होतं: "ओम्टसिख्ट यांचं स्थान, दुसरीकडे पद." सरकारला जड जाणाऱ्या माणसाला सभागृहातून उचलून कुठेतरी बसवायचा विचार! देश हादरला. सभागृहात पहाटेपर्यंत चर्चा चालली. तेव्हाचे पंतप्रधान रुट्टे अविश्वासाच्या ठरावातून वाचले, पण नापसंतीचा ठराव मंजूर झाला.

ओम्टसिख्ट यांनी जूनमध्ये पक्ष सोडला. जागा सोडली नाही, सोडायची गरजच नव्हती. 2023 च्या निवडणुकीत त्यांच्या नव्या पक्षाला 20 जागा मिळाल्या.

चिंगी_एमपीएससी

बापरे. हे वाचून अंगावर काटा आला. पण ताई, मग आमदार-खासदार फुटायची भीती नाही का? आपल्याकडे 2022 आणि 2023 मध्ये जे पाहिलं त्यानंतर मला तर दहावं परिशिष्ट आणखी कडक हवं असं वाटतं.

ॲडव्होकेट_काका

चिंगी, तुझी काळजी रास्त आहे. पण कडक करून काय साधतं तेही बघ. आपल्या कायद्यानं एकटा माणूस अडतो, गट अडत नाही. ज्याला सदसद्विवेकबुद्धीनं वेगळं मत द्यायचं आहे तो एकटाच असतो, त्याची आमदारकी जाते. वैदेहीताईंनी सांगितलेला तो ओम्टसिख्ट आपल्याकडे असता तर पक्ष सोडला म्हणून अपात्र ठरला असता. माझ्या मते व्हिप फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरता ठेवावा, बाकी विधेयकांवर सदस्याला मोकळं सोडावं. हे मत नवं नाही, अनेकांनी मांडलं आहे.

मला या धाग्यातलं 2012 चं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटलं. आपण राष्ट्रपती आणि राज्यपाल ही पदं ब्रिटिश राजाच्या साच्यातून घेतली. राजानं मंत्रिमंडळाचा सल्ला मानायचा हा तिथे अलिखित संकेत, आपल्याकडे तो 1976 साली 42 व्या घटनादुरुस्तीनं लिहून ठेवावा लागला. तरीही 1986 चं पोस्ट खात्याचं विधेयक राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही न करता तसंच ठेवलं होतं. आणि राज्यपाल तर सरकार बनवताना आजही स्वतःच्या अंदाजानं बोलावतात. 24 ऑक्टोबर 2019 ला निकाल लागला, 23 नोव्हेंबरला पहाटेचा शपथविधी झाला, तो आपण सगळ्यांनी सकाळी चहा पिताना टीव्हीवर पाहिला. 2022 मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली, ती योग्य नव्हती असं सर्वोच्च न्यायालयानं 11 मे 2023 ला सांगितलं. बहुमत राजभवनात मोजायचं नाही, सभागृहात मोजायचं, हे बोम्मई खटल्यात 1994 सालीच सांगून झालं होतं.

मग प्रश्न पडतो की आपल्या विधानसभेनं आपला नेता आधी सभागृहात निवडावा आणि राज्यपालांनी त्यालाच शपथ द्यावी, हे का नको? हेगच्या सभागृहाला जमलं.

मिहिर_पुणे

काका, +१. पण तिथे 2012 नंतर सरकारं लवकर बनू लागली का? मी तर कुठेतरी वाचलं की नेदरलंड्सला सरकार बनवायला वर्ष लागतं.

वैदेही_हेग

वर्ष नाही, पण जवळपास. 2017 मध्ये 225 दिवस, 2021-22 मध्ये 299 दिवस. तेव्हा राजा बाजूला झाला म्हणून काम भराभर झालं असं मी म्हणणार नाही. 1977 साली राणीच्या हातात सूत्रं होती तेव्हाही 208 दिवस लागलेच होते. कारण वेगळं आहे. इथे किमान मतांची अट जवळपास नाहीच. एका जागेपुरती मतं, म्हणजे शंभरात पाऊण टक्क्याहूनही कमी, मिळाली की पक्ष आत. 2023 मध्ये 15 पक्ष निवडून आले. 2025 मध्ये सगळ्यात मोठे दोन पक्ष प्रत्येकी 26 जागांवर थांबले आणि बहुमताला 76 लागतात. मग तीन-चार पक्षांनी एकत्र बसून ओळ न् ओळ ठरवायची.

या काळात काळजीवाहू सरकार चालतं. वादग्रस्त विषयांची एक यादी सभागृह मतदानानं ठरवतं, आणि त्या यादीतल्या गोष्टींना काळजीवाहू मंत्र्यांनी हात लावायचा नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचं समाधान झालं. "म्हणजे मालक सभागृहच. दिवाणजी बदलतायत."

काका, तुमच्या सूचनेवर मी खूप विचार केला. एक गोष्ट मात्र सांगते. 1971 साली इथल्या सभागृहानं असाच प्रयत्न केला होता, पण त्यांचं आपसात नावावर एकमत झालं नाही आणि ते परत राणीकडे गेले. चाळीस वर्षांनी जमलं. त्यामुळे नियम लिहून भागत नाही, तो वापरायची तयारी पक्षांमध्ये असावी लागते.

रोखठोक_नागपूर

सगळं वाचलं. लेखिकेची तळमळ दिसते. पण माझा मूळ आक्षेप आहे. राजा काही ठरवतच नाही तर ठेवायचा कशाला? जन्मानं मिळणारं पद लोकशाहीत असूच नये. त्याच्या घराण्यावर जनतेचा पैसा जातो तो वेगळाच. आपण 1950 मध्ये निवडलेला राष्ट्रपती घेतला ते उत्तम केलं.

वैदेही_हेग

तत्त्व म्हणून तुमच्या बाजूचीच आहे मी. जन्मानं पद मिळणं मलाही पटत नाही. आपण प्रजासत्ताक आहोत याचा मला अभिमान आहे.

पण "काही ठरवत नाही" याचा अर्थ सभागृहाला त्याची चिंता नाही असा होत नाही, उलट आहे. ऑक्टोबर 2020 मधली गोष्ट. कोरोनामुळे सरकारनं लोकांना शक्यतो घरीच राहायला सांगितलं होतं, आणि राजा कुटुंबासह ग्रीसला सुट्टीला गेला. नियम मोडला नव्हता, पण लोक संतापले. दुसऱ्या दिवशी राजा परतला. पुढे त्यानं चित्रफितीतून दिलगिरीही व्यक्त केली. पण सभागृहात जाब कुणी दिला? पंतप्रधानांनी. रुट्टेंनी सभागृहाला कळवलं की ही सुट्टी चुकीची दिसेल हे माझ्या वेळेत लक्षात आलं नाही, अंदाज माझा चुकला. राजाच्या कौटुंबिक सहलीबद्दल!

लग्नाचंही तसंच. गादीच्या वारसाला लग्न करायचं तर संसदेनं कायदा करून संमती द्यावी लागते, नाहीतर वारसाहक्क जातो. सध्याच्या राजाचे धाकटे भाऊ फ्रिसो यांच्या वेळी सरकारनं ती संमती मागायलाच नकार दिला, कारण होणाऱ्या वधूबद्दल पंतप्रधानांना पूर्ण आणि खरी माहिती दिली गेली नव्हती. 2004 मध्ये त्यांनी लग्न केलं आणि वारसांच्या रांगेतून बाहेर पडले.

रोखठोक_नागपूर

हे माहीत नव्हतं. आक्षेप कायम आहे, पण माहितीबद्दल आभार.

सदूमास्तर_सातारा

उशिरा येतोय धाग्यावर. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणून राहवलं नाही.

घटनात्मक राजा म्हटलं की आपण लंडनकडे बघतो. आमच्या जिल्ह्यात औंध आहे. संस्थान लहान, बहात्तर गावांचं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, तेच ते सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे आणि चित्रांचा संग्रह जमवणारे. 1938 च्या नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केलं की कारभार प्रजेच्या हाती देतो. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे मूळचे पोलंडचे इंजिनिअर गांधीजींकडे गेले, मसुदा तिथे घासूनपुसून झाला, आणि 21 जानेवारी 1939 ला औंधची घटना लागू झाली. पाया ग्रामपंचायत. पंचायती गावानं निवडायच्या, त्यांतून तालुक्याची समिती, आणि त्यावर संस्थानाची विधिसभा. राजा राहिला तो प्रजेचा पहिला सेवक म्हणून.

बाकीची संस्थानं तेव्हा प्रजापरिषदांवर लाठ्या चालवत होती हे लक्षात घ्या. 8 मार्च 1948 ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणजे नऊच वर्षं. वर्गात हा धडा पुस्तकात नव्हता, तरी मी दर वर्षी एक तास देत असे. यमाईच्या डोंगरावरच्या संग्रहालयात मुलांना न्यायचो, आणि परतताना विचारायचो, हातातली सत्ता कुणी आपणहून का सोडेल? सातवीतल्या एका मुलीनं उत्तर दिलं होतं, "मोजून बघायची असेल, लोकांना येते का ते."

वैदेही_हेग

मास्तर, नमस्कार. औंधचं नाव ऐकलं होतं, हे माहीत नव्हतं. पंचायतीवरून वर चढत गेलेली रचना वाचून इथलं वरचं सभागृह आठवलं. त्याचे 75 सदस्य प्रांतांच्या सभा निवडतात, लोक नाही. ते मंगळवारी भरतं, त्याला दुरुस्ती सुचवता येत नाही, मंजूर करायचं नाहीतर फेटाळायचं. एरवी शांत. पण 1999 साली घटनादुरुस्तीच्या मतदानात हान्स विगेल नावाच्या एका सदस्यानं मध्यरात्रीनंतर आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध मत दिलं आणि दुरुस्ती त्या एका मतानं पडली. आणि 2023 च्या प्रांतीय निवडणुकीत शेतकऱ्यांचा पक्ष, खालच्या सभागृहात ज्याची एकच सदस्य होती, वर एकदम 16 जागा घेऊन सगळ्यात मोठा झाला. सरकारला प्रत्येक कायद्यासाठी वर वेगळी जुळवाजुळव करावी लागू लागली.

चिंगी_एमपीएससी

ताई, शेवटचा प्रश्न. तुम्हाला तिथे मत देता येतं का?

वैदेही_हेग

संसदेसाठी नाही, मी भारतीय नागरिक आहे. प्रांतासाठीही नाही. पण पाच वर्षं कायदेशीर राहिलं की नगरपालिकेसाठी देता येतं. मार्च 2022 मध्ये पहिल्यांदा दिलं. आमच्या गल्लीतल्या शाळेच्या व्यायामशाळेत केंद्र होतं. मतपत्रिका टेबलावर मावेना एवढी मोठी, घडी उलगडता उलगडता फाटेल की काय वाटत होतं. मत द्यायच्या आडोशाच्या खोक्यात दोरीनं बांधलेली लाल पेन्सिल. तिनं एक गोल भरायचा, बाहेर न जाऊ देता. शेजारच्या खोक्यात एक आजोबा बराच वेळ खसखस पेन्सिल फिरवत होते. मी माझा गोल दोनदा भरला, फिकट राहिला असं वाटून. मग परत तशीच घडी घालून पेटीत टाकली. बाहेर आल्यावर बाबांना फोन लावला.